न घेतलेली सुई

लहानपणी मला कोणी विचारलं असतं, तुमच्या घरात कमावता कोण, तर मी पप्पांच्या वरच्या पुढच्या दाताकडे बोट दाखवलं असतं. पप्पा, म्हणजे माझे वडील इनास, शहाडच्या एका कारखान्यात फिटर होते आणि पगार तिथूनच यायचा, पण आमच्या पाखाडीत त्यांना कोणी फिटर म्हणून ओळखत नव्हतं. ते ट्रंपेटवाले इनास. ठाण्यात वर्तकनगरच्या वसाहती उभ्या राहिल्या त्याच्या कितीतरी आधीपासून आमची ख्रिस्ती पाखाडी तिथे मागच्या अंगाला होती. थोडी कौलारू घरं, मधोमध एक क्रूस, एक विहीर आणि भोवती भाताची खाचरं, जी दर वर्षी थोडी कमी व्हायची. पाखाडीतलं कुठलंही लग्न पप्पांच्या ट्रंपेटशिवाय लागत नसे. लोकांना वाटतं, ट्रंपेट फुंकला की वाजतो. तसं नाही. त्याचं तोंड ओठांवर घट्ट दाबायचं, ओठ थरथरवायचे, आणि त्या सगळ्या दाबाला मागून आधार द्यायचा तो पुढच्या दातांनी. पप्पा म्हणायचे, हवा देवाची, ओठ आपले, पण सूर दाताचा. पोर अंगणात पडलं की दुसऱ्यांचे बाप गुडघे बघायचे, आमचे पप्पा आधी तोंड उघडायला लावायचे.

मी सांगते आहे त्या वर्षी घरात आम्ही तिघंच होतो. पप्पा, माझी थोरली बहीण रीटा आणि मी. आई आदल्या वर्षी पोटाच्या दुखण्याने गेली. ते दुखणं कुठलं हे आज मला नावानिशी सांगता येतं, पण तेव्हा घरात ते नाव कोणी उच्चारत नसे, नुसतं 'दुखणं' म्हणत. शेवटचे दोन-तीन महिने ती माजघरातल्या खाटेवर होती. मला तिथे फार वेळ बसू देत नसत. आईची बहीण, आमची आलीस मावशी, तिच्या उशाशी बसायची, आणि आम्हा मुलींना विहिरीवर, दुकानात, शेजारी, कुठे ना कुठे धाडलं जायचं. आई गेल्यावर पाखाडीतल्या बायका अंगणात बसून एकच गोष्ट सांगायच्या: केवढं सोसलं बाईने, तोंडातून ब्र काढला नाही, हातातली रोझरी सोडली नाही, संतीणच होती. मला ते ऐकायला बरं वाटायचं. पप्पा ते ऐकायचे आणि उठून जायचे.

आई गेली तरी तिचा मसाला घरात होता. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला कुटून, मुसळाने ठासून रंगीत बाटल्यांत भरून ठेवतात. फळीवर अशा बाटल्यांची रांग असायची. रीटा कालवणात चमचा टाकताना इतका हात आखडायची की सुक्या बोंबलाचं कालवण पिवळट दिसायचं, आणि पप्पा ते तसंच भाकरीशी खायचे. रीटाचं लग्न ठरलं होतं. मुलगा उत्तनचा, शांत, जेवायला बसला की ताटाबाहेर बघत नसे. आईचं वर्ष पुरं होऊ द्यायचं आणि ईस्टरनंतरच्या आठवड्यात लग्न करायचं असं दोन्ही घरांनी ठरवलं. रीटाची अट एकच होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात, त्याला आम्ही उंबराचं पाणी म्हणतो. पाखाडीतल्या प्रत्येक मुलीच्या पाण्यापुढे पप्पा वाजवत गेले होते. रीटा म्हणाली, "माझ्या पाण्याला पप्पाच वाजवतील. दुसरा ट्रंपेटवाला आणणार असाल तर मी हंडा घेऊन एकटी जाईन, आणि बेंडबाजाही नको." ती बोलली की बोलली. आईच्या मागे घरात हट्टाचं खातं तिच्याकडे आलं होतं.

आणि अशा वेळी दात गेला. म्हणजे गेला नाही, जायला निघाला. आमच्यात ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपासकाळ असतो. त्या दिवसांत लग्न नाही, बेंड नाही, मटण-डुकराचं नाव नाही. त्यामुळे उपासकाळ लागायच्या आधीच्या आठवड्यात लग्नांची नुसती झुंबड उडते. तशा शेवटच्या लग्नात, वरातीत नाचणाऱ्या एका पाहुण्याचं कोपर सणकन ट्रंपेटच्या कर्ण्यावर बसलं आणि ट्रंपेट पप्पांच्या दातावर. ओठ फुटला. पप्पांनी रक्त पुसलं आणि वरात पोचेपर्यंत वाजवलं. ओठ चार दिवसांत भरला. दात मात्र हळूहळू काळवंडला, आणि राखेचा बुधवार होऊन उपासकाळ सुरू झाला तसा ठणकायला लागला. गरम चहाचा घोट घेतला की पप्पा डोळे मिटून खुर्चीचा दांडा धरायचे.

दुखणाऱ्या दाताला सल्ले फार. कोणी लवंग आणली, कोणी मिठाचं पाणी, कोणी पेरूची पानं. शेजारचा बस्त्याव बाटली घेऊन आला, म्हणाला, "इनास, एक घोट तोंडात धर नि थुंकून टाक." पप्पांनी उपासकाळापुरती दारू सोडली होती. थुंकायलासुद्धा नको म्हणाले. बस्त्याव बिचारा ती बाटली परत नेताना वाटेतच संपवून बसला, कारण त्याने फक्त विड्या सोडल्या होत्या. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, दात काढून टाक. दुखला की काढ, हा आमच्याकडचा साधा हिशेब होता. आजूबाजूच्या साठीच्या माणसांच्या तोंडात पाहिलं तर तो हिशेब दिसायचाच. पण हा दात काढला तर ट्रंपेट गेला हे पप्पांना ठाऊक होतं, आणि ट्रंपेट गेला तर रीटा हंडा घेऊन एकटी जाईल हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. कारखान्यात त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या कांबळेकाकांनी सांगितलं की कल्याणला एक नवी डॉक्टरीणबाई आली आहे, ती दात उपटत नाही, आतून साफ करून वाचवते. कल्याण पप्पांच्या वाटेवरच होतं. शनिवारी ते लवकर सुटले, मी शाळेतून परस्पर कल्याणला गेले, आणि आम्ही दोघं तिथे पोचलो.

दवाखाना बाजारात मिरची-गुळाच्या एका ठोक दुकानाच्या वर होता. जिना चढताना प्रत्येक पेशंट शिंकायचा, आणि वर गेलं की लवंगेच्या तेलाचा वास. साने डॉक्टरीणबाई तिशीतल्या, बारीक, केस घट्ट बांधलेले, बोलणं शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ. त्यांनी आरशाने दात पाहिला, मागच्या बाजूने टिचकी मारली, फोटो काढला, आणि मग पप्पांना नाही, मला समजावलं, कारण पप्पा छताकडे बघत होते. टेबलावरची पेन्सिल उचलून त्या म्हणाल्या, "दात बाहेरून भरीव दिसतो, पण तो असा असतो. बाहेर लाकूड, मधे शिसं. त्या शिशाच्या जागी नस असते, रक्त असतं. मार लागल्यामुळे ही नस आत सडायला लागली आहे. वरून काहीही लावा, ती आत सडतच राहणार, आणि मुळाशी पू होणार. आपण दात काढायचा नाही. मागच्या बाजूने बारीक भोक पाडायचं, आतली सगळी नस काढायची, पोकळी धुऊन साफ करायची, औषध ठेवायचं, आणि पुन्हा साफ झाल्याची खात्री पटली की रबरासारख्या काडीने ती भरून बंद करायची. वर एक टोपी बसवायची, म्हणजे दात तुटणार नाही. चार-पाच वेळा यावं लागेल." मी विचारलं, "दुखेल?" त्या म्हणाल्या, "नाही. आधी सुई देऊन जागा बधिर करायची. मग दाबल्यासारखं वाटतं, खरवडल्यासारखं वाटतं, दुखत नाही. घरी गेल्यावर एक-दोन दिवस चावताना ठसठसेल, तेवढंच."

गेल्या वर्षी माझ्या दाढेचं हेच काम झालं, वर्तकनगरच्याच एका दवाखान्यात, आणि तिथल्या तरुण डॉक्टरने मला जवळजवळ शब्दशः हेच सांगितलं. फक्त आता सगळं एका बैठकीत होतं, बारीक मोटरचा आवाज येतो, भिंतीवरच्या टीव्हीवर आपलीच दाढ दिसते. "काकी, मुंगी चावल्यासारखं होईल हां, मग कायच कळणार नाही," तो म्हणाला, आणि खरंच काही कळलं नाही. माझ्या वयाच्या बायका अजून रूट कॅनल म्हटलं की लांब पळतात. त्यांना मी सांगते, घाबरायचं ते दातातल्या किडीला, सुईला नव्हे. पण हे सांगताना मला दर वेळी तो कल्याणचा शनिवार आठवतो, कारण साने बाईंनी सुई भरून हातात घेतली आणि पप्पांनी मान फिरवली.

"मना सुई चालत नाय," पप्पा म्हणाले. बाईंनी विचारलं, म्हणजे काय होतं, चक्कर येते, अंगावर उठतं, श्वास लागतो? पप्पा म्हणाले, "चालत नाय." कारखान्यात लागल्यावर दंडात धनुर्वाताची सुई घेताना मी त्यांना स्वतः पाहिलं होतं. मी तोंड उघडलं, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. बाई विचारात पडल्या. दात बराच काळवंडला होता, नस बहुतेक मेलेली असेल, तेवढं निभेल, असं त्यांना वाटलं असावं. म्हणाल्या, "ठीक आहे, पण दुखलं की हात वर करायचा. हलायचं नाही. नस खरवडायची ही माझ्या हातातली सुई केसाएवढी बारीक आहे." पप्पांनी मान हलवली, हात पोटावर बांधले आणि तोंड उघडलं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. बूट काढलेले, मोज्यातले अंगठे आत वळलेले.

नस पूर्ण मेलेली नव्हती. अर्धी मेली होती, मुळाकडची जिवंत होती. बाई बारीक सुया एकामागून एक घालून पोकळी खरवडत होत्या आणि पप्पा गप्प होते. हात वर झाला नाही. त्यांचे ओठ हलत होते आणि मला ते कळलं, ते 'नमो मरिये' ही मरियामातेची प्रार्थना म्हणत होते. मग अचानक त्यांचं सगळं अंग, नको म्हणत असताना, आपोआप उसळलं. खुर्ची हलली, आणि बाईंचा हात थांबला. त्यांनी सुई बाहेर काढली, उजेडात धरली, आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. टोक नव्हतं. पुन्हा फोटो काढला. ओला फोटो चिमट्यात धरून त्यांनी मला दाखवला. दाताच्या मधल्या काळ्या रेघेत एक पांढरी बारीक रेघ अडकली होती. "सुईचं टोक आत मोडून राहिलंय," त्या म्हणाल्या. "असं कधीतरी होतं. पण ते तिथे असेपर्यंत मला त्याच्या पुढची नस साफ करता येणार नाही. आणि ती साफ झाली नाही तर हा दात राहणार नाही."

मग त्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसल्या आणि पप्पांना म्हणाल्या, "आता खरं सांगा. सुई तुम्हाला चालत नाही की घ्यायची नाही?" पप्पांचा चेहरा घामाने थबथबलेला. ते खाली बघून म्हणाले, "आमच्या उपासाचे दिस हायत, बाई." साने बाई चिडल्या असतील असं मला वाटलं, पण त्या सावकाश बोलल्या, "माझी आई आयुष्यभर उपास करते. उपास पोटाचा असतो, काका, दाताचा नसतो. मी पुढच्या शनिवारी ते टोक काढायचा प्रयत्न करीन. निघेल असं वाटतंय, फार खोल नाही. पण सुई घेतलीत तरच. हललात तर ते आणखी आत जाईल. सुई घ्यायची नसेल तर दात काढायलाच या." त्यांनी पोकळीत औषधाचा बोळा ठेवला, वर तात्पुरतं सिमेंट लावलं, त्या बाजूने काही चावू नका असं सांगितलं आणि आम्ही शिंकत जिना उतरलो.

घरी येऊन मी रीटाला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती, ती तशीच टाकून बाहेर आली. "उपास होता म्हणे," ती म्हणाली. "माझ्या लग्नात बाप ट्रंपेट घेऊन पुढे चालणार की ओठ आत ओढून मागे बसणार, एवढंच सांगा." आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात तसं झालं, कोणाला बोलणार आणि काय. पुढचे चार-पाच दिवस घर मुकं होतं. ट्रंपेट उपासकाळात तसाही पेटीत, जांभळ्या कापडात गुंडाळलेला असायचा, पण एरवी पप्पा संध्याकाळी ओट्यावर बसून नुसते ओठ थरथरवून सराव करायचे, माशी अडकल्यासारखा आवाज यायचा. तोही बंद झाला. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. पप्पा पहिल्यापासून भाविक, पण असे कधीच नव्हते. उपासकाळात कोणी भर उन्हात अनवाणी चर्चला निघालं की तेच म्हणायचे, देवाला तुझ्या तळपायांचं काय करायचंय.

शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये क्रूसाची वाट झाली. उपासकाळात दर शुक्रवारी ती भक्ती होते. येशूच्या दुःखाच्या एकेका प्रसंगापुढे गुडघे टेकत पुढे जायचं. तिथून आलीस मावशी आमच्याबरोबर घरी आली. मावशी उंच, हाडकुळी, बोलायला फटकळ. रीटाने तिला सांगून ठेवलं होतं हे मला नंतर कळलं. तिने चहा घेतला, कप खाली ठेवला आणि पप्पांना सरळ विचारलं, "सुई का नाय घेतली?"

पप्पांनी तिचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तिना कुठे सुई मिळाली?"

आईचं नाव घ्यायची गरज नव्हती. रीटा दाराला टेकून उभी होती ती खाली बसली. पप्पा तसेच, जमिनीकडे बघत बोलत राहिले. एवढी सोन्यासारखी बाई, दोन-तीन महिने त्या खाटेवर पडून सगळं सोसलं, तोंडातून शब्द नाही, देवाला अर्पण केलं. आणि मी एका दातासाठी बधिर करून घेऊ? तिने जे सोसलं त्यातलं एवढंसं तरी मी सोसतो. एवढंच आता तिच्यासाठी करता येतं. ते इतके सलग बोललेले मी कधी ऐकले नव्हते. मला रडू आलं, आणि मनात आलं की पप्पांचं बरोबरच आहे. आई संतीण होती आणि पप्पा तिच्या मागून चालले होते, यात चूक काय, असं माझ्या त्या वयाला वाटलं.

मावशीने ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "कोणी सांगितलं तुना, ती गप होती?"

पप्पांनी वर पाहिलं.

"गप होती ती तू घरात असताना," मावशी म्हणाली. "तुजी सायकल अंगणात वाजली का ती रोझरी हातात घ्यायची नि तोंड मिटायची. पोरींना पण म्हणून बाहेर धाडायचो आमी. दिवसभर वरडायची ती, इनास. उशी तोंडात कोंबायची. मना म्हणायची, आलीस, कायतरी दे गो, कायपण दे, मना दुखू नको देऊ. देवाला नाय ती हाका मारत होती, डॉक्टरला मारत होती. मी जाऊन त्याच्या पाया पडली. त्याच्याकडे होत्या त्या गोळ्या दिल्या त्याने, त्या पुरल्या नाय. अर्पण-बिर्पण कायपण नाय केलं तिने. सुई मिळाली असती तर दोनी हातांनी घेतली असती माज्या बहिणीने."

चुलीवर भात लागल्याचा वास आला तरी रीटा उठली नाही, शेवटी मीच उठले. पातेलं उतरवून परत आले तेव्हा पप्पा तसेच बसलेले होते आणि मावशी त्यांच्या शेजारी, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून. "बायका संतीण म्हणतात त्या म्हणू दे," ती हळू आवाजात सांगत होती. "तुज्यासाठी गप राहायची ती. तुना बघवणार नाय म्हणून. तू आता तिच्यासाठी दुखवून घेतोस. दोघं पण येडी." आज मी आई गेली त्या वयाच्या कितीतरी पुढे आले आहे, तरी ती संध्याकाळ आठवली की मला मावशीचा राग येतो आणि तिचे पायही धरावेसे वाटतात. आमच्याकडून तिने संतीण काढून घेतली. त्या जागी दुखणारी, घाबरलेली, नवऱ्याला जपणारी एक बाई परत आणून दिली. ती मला जास्त जवळची वाटते. पण हे कळायला मला फार वर्षं लागली. त्या दिवशी मी फक्त करपलेला भात खरवडत बसले.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. पप्पा कारखान्यातून थेट कल्याणला येतील की नाही याची मला खात्री नव्हती, म्हणून मी आधीच जाऊन जिन्याशी उभी राहिले. ते आले. वर गेल्यावर साने बाईंनी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "सुई द्या." बाई एक शब्दही जास्त बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांना अजून मानते. हिरडीवर आधी कसलंसं औषध लावलं, मग सावकाश सुई दिली. पप्पांनी खुर्चीचा दांडा धरला होता. थोड्या वेळाने बोटं सैल झाली. मोज्यातले अंगठे सरळ झाले. बाई भिंग लावून कितीतरी वेळ वाकून बसल्या होत्या. बारीक सुया, पाणी, पुन्हा सुया. मधेच त्या म्हणाल्या, "काका, ठीक?" पप्पांनी घशातून हुंकार दिला. आणि मग बाईंनी चिमटा बाहेर काढला आणि काचेच्या तबकडीत काहीतरी ठेवलं. मला बोलावून दाखवलं. पापणीच्या केसाएवढा एक तुकडा. त्यामागची नसही त्यांनी त्याच बैठकीत काढली.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. आणखी दोन वेळा जावं लागलं, पोकळी भरून बंद झाली, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात टोपी बसली. बाईंनी पप्पांना ट्रंपेट घेऊन बोलावलं, दाब नेमका कुठे येतो ते पाहिलं आणि टोपी जराशी घासून दिली. पप्पांनी उपास मोडून वाजवला नाही, ट्रंपेट नुसता ओठांना लावून दाखवला. ईस्टरनंतर रीटाच्या पाण्यापुढे ते घरापासून विहिरीपर्यंत आणि परत वाजवत गेले. सूर पूर्वीइतका उंच चढला नाही असं बस्त्याव म्हणाला. रीटाला तो पुरेसा उंच वाटला. तो दात पप्पांच्या तोंडात शेवटपर्यंत राहिला, बाकीचे त्याच्या आधी गेले.

पण मला त्या सगळ्यापेक्षा तो दुसरा शनिवारच जास्त स्पष्ट आठवतो. बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ-पिऊ नका, ओठ चावला जाईल, असं बाईंनी सांगितलं होतं. म्हणून आम्ही खाली दुकानाच्या फळीवर बसलो. समोर हमाल गुळाच्या ढेपा उतरवत होते. पप्पा आपला वरचा ओठ बोटांनी दाबून बघत होते. मग नखाने चिमटा काढला. मग गालाला चिमटा काढला, जोरात, लाल वण उठेपर्यंत. मी म्हटलं, "पप्पा, नको ना." ते माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बधिर गालावरून ओघळून ओठापर्यंत आलं होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं. मी माझ्या ओढणीने पुसलं.

"कायच लागत नाय गो, पोरी," ते म्हणाले. ओठ जड झाल्यामुळे शब्द घसरत होते, म्हणून ते थांबले, आणि मग सावकाश, नीट म्हणाले, "एवढंच मागत होती ती."